विटीदांडू : घेतलेला डाव आणि द्यावयाचा डाव

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी त्यांना विषय विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, विषय तुमचा तुम्हीच निवडा, मात्र मुले जांभया देणार नाहीत असा निवडा." मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. ३९ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला, एवढीच माझी मिळकत. विद्वत्तेचे विषय माझ्या आवाक्याबाहेरचे. म्हणून ज्या विषयात मी लहानपणी थोडाफार पारंगत होतो, तोच आज आपल्यापुढे मांडतो. तो विषय म्हणजे विटीदांडू. आपल्यापैकी काहींना हसू येईल. खुशाल हसावे. परंतु भाषणाच्या शेवटी मी आपल्याजवळ एक मागणे मागणार आहे, आणि ते मागणे हसण्यावारी नेऊ नये, एवढी विनंती आताच करून ठेवतो.

प्रथम बालमित्रांसाठी खेळ कसा तो सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल. साहित्य म्हणाल तर दोन लाकडे. दांडू सुमारे सव्वा हाताचा आणि विटी अर्ध्या-पाऊण वितीची, दोन्ही टोकांना निमुळती केलेली. माझे गाव मंगळवेढे तालुक्यातले, ज्वारीच्या काळ्या रानातले. तेथे बाभळीला तोटा नाही. बाभळीचे लाकूड चिवट, टोल्याला फुटत नाही. सुतारदादांच्या मागे आठ दिवस लागले म्हणजे ते औताची कामे आटोपल्यावर एक दांडू तासून देत. विटी मात्र आम्ही विळ्याने आमची आम्हीच करीत असू आणि त्या पायी बोटेही कापून घेत असू. पैसा एकही लागत नसे. श्रीमंताचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा यांच्या विट्यांत फरक ओळखता येत नसे.

जमिनीत वीतभर लांब, उथळ खाच खणावयाची. तिला आम्ही गल म्हणत असू. गड्यांच्या दोन बाजू पाडावयाच्या. पहिला डाव कोणाचा हे ठरविण्यासाठी खापरीच्या एका अंगाला थुंकी लावून ती वर फेकावयाची आणि विचारावयाचे, "ओली की सुकी?" ज्याचा डाव असेल त्याने विटी गलीवर आडवी ठेवून दांडूच्या टोकाने ती लांब उडवावयाची, याला कोलणे म्हणतात. समोर पसरलेल्या गड्यांपैकी कोणी विटी वरच्यावर झेलली की कोलणारा बाद. झेलली नाही, तर ती जेथे पडली तेथून गड्याने ती गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर नेम धरून फेकावयाची. दांडूला लागली तरीही बाद. या दोन्ही संकटांतून सुटला त्याने विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू आपटून ती उसळवावयाची आणि हवेतल्या हवेत टोला हाणावयाचा. मग विटी जाऊन पडेल तेथपर्यंतचे अंतर दांडूने मोजावयाचे.

या मोजणीतच खेळाची खरी गंमत आहे. आम्ही एक, दोन, तीन असे मोजीत नसू. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू असे मोजीत असू. सात पुरे झाले की पुन्हा वकटापासून. ज्या नावावर मोजणी संपेल त्या रीतीने पुढचा टोला मारावयाचा. वकट आला तर विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवावयाची. मुंड आला तर मुठीवरून. डोळा आला तर तोंड आभाळाकडे करून मिटलेल्या डोळ्यावर विटी ठेवावयाची, ती खाली सोडावयाची आणि पडता पडता टोलवावयाची. गावोगाव या नावांत आणि रीतींत फरक असे. शेजारच्या गावची मुले आली की पहिला अर्धा तास नियमांच्या तंट्यातच जाई.

ही वकट-लेंड काय भाषा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. १९७४ साली मॅट्रिक होऊन मी अध्यापनाच्या पदविकेसाठी सोलापुरास गेलो. तेथे विणकर पद्मशाली मंडळींची मोठी वस्ती, आणि त्यांची घरची भाषा तेलुगू. एके दिवशी एका गल्लीत चिमुरड्या मुली खेळताना मोजीत होत्या, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." मी जागच्या जागी थबकलो. अहो, हे तर आमचेच वकट, लेंड, मुंड, नाल! पुढे समजले, तेलुगूत 'आरु' म्हणजे सहा. आमचा 'आर' पाचवा होता. तेव्हा खरा पाच वाटेत कोठेतरी सांडला असावा. परंतु एवढे खरे, की जो खेळ आम्ही अस्सल आमच्या गावचा समजत होतो, त्याचे आकडे शेजारच्या मुलखातून चालत आले होते, आणि त्यांना कोणी वेशीवर अडवून जात विचारली नव्हती.

हा खेळ साऱ्या भारतवर्षाचा आहे. उत्तरेस त्याला गिल्ली-डंडा म्हणतात, बंगालात डांगुली, तामीळ देशात किट्टिपुळ्ळु. आपल्या भाषेत तो फार जुना आहे. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडूवर आणि चेंडूफळीवर अभंग आहेत. चेंडूफळी म्हणजे चेंडू आणि फळी यांचा खेळ. इंग्रजांचे क्रिकेट आपल्याकडे आले, तेव्हा कित्येकांनी त्याला हेच जुने नाव दिले. देहूच्या संताला परमार्थ सांगावयास हे खेळ सोयीचे वाटले, यावरून त्या काळी ते घराघरांत किती परिचयाचे होते याची कल्पना येईल.

पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० नंतरच्या दशकात देशी खेळांचे नियम बांधण्याचे मोठे काम केले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी आपला हुतूतू जगाला दाखविला. तोच हुतूतू कबड्डी या नावाने १९९० पासून आशियाई क्रीडास्पर्धांत आहे, आणि खो-खोची तर २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला विश्वचषक स्पर्धा झाली. या भावंडांच्या मानाने विटीदांडू मागे राहिला. माझ्या मते त्याची कारणे दोन. एक तर त्याचे नियम दर गावी वेगळे. दुसरे कारण गंभीर आहे. विटी डोळ्याला लागते. मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या जखमांच्या कारणांत नेत्रवैद्य या खेळाचे नाव वारंवार घेतात. म्हणून शाळेत मी हा खेळ घेई तेव्हा विटीची टोके बोथट करून घेई, डोळ्याचा टोला वर्ज्य करी आणि टोलविणाऱ्याच्या समोर जवळ कोणालाही उभे राहू देत नसे. ज्यांना हा खेळ पुन्हा सुरू करावयाचा असेल त्यांनी एवढे पथ्य अवश्य पाळावे.

आता या खेळाने मला काय शिकविले ते सांगतो. आपल्या बोलण्यातले कित्येक शब्द मैदानावरून आलेले आहेत. कोणी आपले म्हणणे धुडकावले तर 'त्याने मला कोलले' असे आपण म्हणतो. हरल्यावर कुरकुर करणारा 'रडीचा डाव' खेळतो. लहानग्याला आपण 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेतो. तो बाद झाला तरी त्याला बाद धरीत नाही. परंतु या सर्वांत थोर शब्द मला वाटतो तो 'डाव देणे' हा. तुम्ही दिवसभर टोले मारलेत, समोरच्यांना उन्हात पळविलेत. आता तुमचा डाव संपला. आता तुम्ही उन्हात उभे राहावयाचे आणि त्याने टोले मारावयाचे. घेतला डाव दिलाच पाहिजे. "आई हाक मारते," असे सांगून जो डाव न देता घरी पळे, त्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळात घेत नसे. चोरी केलेल्या मुलाला आम्ही क्षमा केल्याचे मला आठवते. डाव बुडविणाऱ्याला केल्याचे आठवत नाही.

हे मी आपणास मोठ्या तोऱ्यात सांगत आहे. परंतु सभ्य गृहस्थहो, या सभेपुढे उभा असलेला हा शिक्षक स्वतःच डाव बुडविणारा आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट मी कोणास सांगितलेली नाही. आज सांगतो.

१९६८ साल असावे. मी अकरा वर्षांचा होतो. ज्वारीची काढणी झाली होती आणि वेशीबाहेरचे रान मोकळे पडले होते. आम्ही तेथे रोज खेळत असू. वेशीपलीकडच्या वस्तीतला एक मुलगा, माझ्याच वयाचा, रोज लांब बांधावर येऊन उभा राही. त्याचे नाव मी घेत नाही. तो हयात आहे आणि मी त्याची अनुज्ञा घेतलेली नाही. विटी काट्यांत गेली की आम्ही हाक मारावी आणि त्याने ती काढून फेकावी. काय त्याचा नेम! साठ पावलांवरून फेकलेली विटी दांडूला लागून खट्‌ असा आवाज येई. हळूहळू आम्ही त्याला समोरच्या गड्यांत उभे करू लागलो. तो धावे, झेली, फेकी. दांडू मात्र त्याच्या हाती कधी गेला नाही. नियम असा कोणी केला नव्हता. न करताच तो पाळला जात होता. देशाच्या घटनेने अस्पृश्यता १९५० साली रद्द केली होती, १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदाही झाला होता. आमच्या गलीपर्यंत तो पोचावयाचा होता.

आमच्यात एक ठराव होता, की डाव संपविणारा शेवटचा झेल जो घेईल त्याने पुढच्या डावाचा पहिला दांडू घ्यावा. एके सायंकाळी आमच्यातल्या सर्वांत तरबेज गड्याचा उंच टोला या मुलाने पाठीमागे धावत जाऊन दोन्ही हातांत झेलला. डाव संपला. क्षणभर सगळे गप्प राहिले. मग आमचा म्होरक्या म्हणाला, "आज पहिला दांडू ह्याचा." कोणी हरकत घेतली नाही. तो गलीपाशी आला, सदऱ्याला हात पुसले, विटी नीट आडवी ठेवली आणि दांडू उचलला.

तो दांडू माझा होता. त्याच वेळी पायवाटेने माझे चुलते बैल घेऊन येताना मला दिसले. मी पुढे झालो, त्याच्या हातातून दांडू काढून घेतला आणि म्हणालो, "अंधार पडला. डाव उद्या."

अंधार कसला? सूर्य कासराभर वर होता. तो माझ्याकडे पाहत राहिला, काही बोलला नाही. चुलत्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बैल हाकीत ते तसेच पुढे गेले. मला कोणी आज्ञा केली नव्हती, कोणी रागावले नव्हते. जे केले ते माझे मी केले. दुसऱ्या दिवशी तो सर्वांच्या आधी येऊन गलीपाशी बसला होता. मी सांगितले की दांडू हरवला. दांडू आमच्या घरी कणगीमागे होता. तिसऱ्या दिवशीही तो आला. चौथ्या दिवसापासून बांध मोकळा दिसू लागला.

हे एका पोराचे अजाण कृत्य, असे म्हणून आपण मला क्षमा कराल. परंतु मोठ्या मैदानांवर मोठ्या माणसांनी याहून निराळे काय केले? पुण्याच्या युरोपियन लोकांच्या क्लबात पालवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण मैदानाची देखभाल करी आणि सरावात साहेबांना चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून साहेबांना हरविणे शक्य नव्हते. त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळला. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले त्यात त्याचा वाटा मोठा होता. १९११ साली हिंदी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे नायकपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. झेलावयास, धावावयास, जिंकून द्यावयास तो हवा. दांडू मात्र त्याच्या हाती देताना अंधार पडतो. आमच्या माळावरची रीत आणि मुंबईच्या जिमखान्यावरची रीत एकच होती.

माझ्या आयुष्यात या गोष्टीचा दुसरा अंक २०१३ साली झाला. त्या वेळी माझी नेमणूक तालुक्याच्या गावी होती. जून महिन्यात नातवाचे नाव पहिलीत घालण्यासाठी एक गृहस्थ आले. अर्जावरचे आडनाव व गाव वाचून मी वर पाहिले. त्यांनी मला आधीच ओळखले होते. कागदपत्रे झाली. मुलाला वर्गात बसविले. मग मी त्यांना ओसरीवर नेले आणि कसाबसा म्हणालो, "तुमचा एक डाव माझ्याकडे राहिला आहे." त्यांना आठवेल की नाही अशी मला शंका होती. ते थोडे हसले आणि म्हणाले, "गुरुजी, दांडू कणगीमागं होता, हे मला तवाच ठावं होतं." माझी मान खाली गेली. काही वेळाने तेच म्हणाले, "आता ह्या हातांनी काय दांडू धरायचा? नातवाला द्या तेवढा डाव."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दोन वर्षे दर शनिवारी मी मुलांचा विटीदांडू घेतला. पहिला दांडू आळीपाळीने प्रत्येकाचा. त्या मुलाचा नेम आजोबांसारखाच निघाला. परंतु त्याने माझे ऋण फिटले असे मी मानीत नाही. डाव ज्याचा होता त्याला मिळाला नाही, तो नाहीच.

आता माझ्या मागण्याकडे येतो. ज्ञातिबंधूंनो, मी स्वतः या संघाचा डाव घेतलेला मनुष्य आहे. सोलापुरास शिकत असता संघाच्या विद्यार्थी निधीतून मला दरमहा १५ रुपये मिळत. १९७२ च्या दुष्काळाने आमचे घर पार खचून गेले होते. ते १५ रुपये नसते तर मी शिक्षक झालो नसतो. आपल्यापैकी पुष्कळांची हीच कथा आहे. आपण शिकलो, नोकरीधंद्यास लागलो, वसतिगृह उभारले आणि त्याच्या मागचे मैदानही मिळविले. ते मैदान नगरपालिकेने आपल्याला नाममात्र भाड्याने दिले आहे. म्हणजे त्यात या गावातल्या प्रत्येक करदात्याचा वाटा आहे.

कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आली आहे, की या मैदानाला भिंत घालून फाटकास कुलूप लावावे आणि प्रवेश सभासदांच्या मुलांपुरता ठेवावा. सूचना मांडणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. रात्री तेथे कचरा पडतो, बाटल्या सापडतात, हे खरे आहे. भिंतीला माझा विरोध नाही. रात्रीच्या कुलपालाही नाही. परंतु रोज सायंकाळी ५ ते ७ ते फाटक सताड उघडे असावे आणि आत येणाऱ्या मुलाला कोणी आडनाव विचारू नये, एवढेच माझे मागणे आहे. त्या दोन तासांत फाटकापाशी बसावयास मनुष्य पाहिजे असेल, तर मी बसेन. माझी प्रकृती ठीक आहे आणि मला दुसरा उद्योग नाही. विट्या आणि दांडू मी माझ्या निवृत्तिवेतनातून करून घेईन, टोके बोथट केलेले.

कोणी म्हणतील, ज्ञातीचा संघ ज्ञातीसाठी असतो. साऱ्या गावाची काळजी त्याने का वाहावी? मी उलट विचारतो, आपला संघ निघाला तो कशासाठी? आपल्या मुलांना कोणी डाव देत नव्हते म्हणूनच ना? आज आपल्या हाती दांडू आला आहे. अशा वेळी सूर्य वर असताना 'अंधार पडला' असे आपण म्हणू नये. मी एकदा म्हटले होते, आणि तो अंधार माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेला नाही.

मुलांनो, भाषण संपले. जांभया थोड्याच दिसल्या, यात मला समाधान आहे. भोजनानंतर वसतिगृहामागे या. माझ्या पिशवीत दोन दांडू आणि चार विट्या आहेत. फाटकाबाहेर काही मुले उभी आहेत, त्यांनाही बोलवा. ओली की सुकी ते आपण तेथेच ठरवू.